जडसंग्रह

निवृत्तीच्या दिवशी मढवी बाईंनी
किल्ली माझ्या तळहातावर ठेवली,
वर माझी बोटं मिटली आणि म्हणाल्या,
"वापरलं की संपतं. संपलं की मागावं लागतं.
तेव्हा, जपून."

तुर्भे स्टोअर, मनपा शाळा,
जिन्याखालचं हिरवं लोखंडी कपाट.
दार आधी उचलायचं, मग ओढायचं.
आत विज्ञान.

भिंग, नग चार. एकाला तडा,
त्यातून मुंगी दोनदा दिसते.
तापमापी, खोक्यासह. खोकं आहे.
पचनसंस्थेचा तक्ता: जठर उंदराने खाल्लेलं.
लोलक, नग एक, कापसात.
साहेब आले की दाखवायचा, साहेब गेले की गुंडाळायचा.
अकरा वर्षांत त्याच्या अंगावर ऊन पडलेलं नाही.
लोहकीस, बाटली एक, रिकामी.
शेरा: मागणी केली आहे.
मागणीची तारीख माझ्या लग्नाआधीची.

मीही केली मागणी, तीन प्रतींत.
उत्तर आलं: निधी उपलब्ध झाल्यावर.

पण भिजत घालायचं बी निधीसाठी थांबत नाही.
निकिताची आई दाणाबाजारात झाडू मारते.
तिने पदराच्या गाठीत आणलं
मटकी, वाटाणा, राजमा, आणि एक काळं बी
ज्याचं नाव तिलाही माहीत नव्हतं, मलाही.
(उगवल्यावर कळलं, कारळं.)
फळबाजारातून मऊ पडलेली लिंबं आली,
चार लिंबांवर एक इवला लाल दिवा लागला,
आणि वर्गाला दुपारभर आंबूस वास.

मग दिवाळीनंतर मी चुंबकं मोजली.
नग सहा. शिल्लक पाच.

छत्तीस दप्तरं उलटी केली मी.
हे लिहायला नको, पण केली.
गोट्या निघाल्या, अर्धा पाव निघाला,
कुणाच्या तरी बापाचं बंद पडलेलं घड्याळ निघालं.
मुलं आपापल्या वस्तू गोळा करत होती,
माझ्याकडे न बघता.

आठ दिवसांनी चौथी ब मधला यल्लेश धोत्रे
मधल्या सुट्टीत टेबलाशी आला.
चड्डीच्या नाडीला बांधलेलं चुंबक
आणि फरसाणाच्या पिशवीत काळी भुकटी.
"बाई, दगडात लोखंड आहे."

नसतं रे, मी म्हणाले. आपण तक्ता केला ना?
खिळा चिकटतो, टाचणी चिकटते.
खोडरबर चिकटत नाही, दगड चिकटत नाही.
फळ्यावर मीच मधे रेघ मारली होती,
दगड रेघेच्या पलीकडे.

तो काहीच बोलला नाही.
माझ्या हजेरीपटावर भुकटी ओतली,
खालून चुंबक फिरवलं.
भुकटी उठून उभी राहिली, साळिंदरासारखी,
आणि नावांवरून चालत गेली.

बंद खदानीच्या रस्त्यावर
रोज शाळा सुटल्यावर तो नाडी ओढत हिंडला होता.
त्याच्या आजाने फोडलेला डोंगर तो,
खडी होऊन कुठल्या कुठल्या सेक्टरांत गेलेला;
मागे उरलेल्या धुळीतून याने
आठ दिवसांत बाटली भरेल एवढं लोखंड वेचलं.

त्या रात्री मी पाठ्यपुस्तक चाळलं, मग फोनवर शोधलं.
खरं होतं. काळ्या दगडात असतं.
मला कुणी सांगितलं नव्हतं,
मी कधी चुंबक घेऊन बाहेर गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आवक लिहिली.
लोहकीस, बाटली एक, भरलेली.
कोणाकडून: पारसिकचा डोंगर, हस्ते य. धोत्रे.
किंमत हा रकाना कोरा सोडला.
मुख्याध्यापक म्हणाले, डोंगराची सही कुठाय?
आणि हसत हसत शिक्का मारला.

लोलक अजून कापसातच आहे.
तेवढं धाडस झालेलं नाही.

पण चुंबक शनिवारी जातं, सोमवारी येतं.
नोंदवहीत दोनच रकाने आहेत, शिल्लक आणि गहाळ.
म्हणून मी समासात पेन्सिलीने लिहिते:
पाच कपाटात.
सहावं डोंगरावर गेलंय.